आरशागत अधेली

भोसरीच्या आमच्या वर्कशॉपात भीमराज बफिंगला होता. फिरत्या चाकावर त्याने धरलेला नळ असा चकाकायचा, की मालक त्यात बघून भांग पाडायचे. पण गड्याला नाद जुन्या नाण्यांचा. कंडक्टरने सुटे दिले की दोन्ही बाजू उलटून बघणार. मागच्यांचा खोळंबा झाला तरी हलणार नाही.

चिंचवडला अर्जुनराव गुरुजींकडे दर गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या वारी, नाणी जमवणाऱ्यांची बैठक बसे. दाखवण्याजोगं नाणं आणेल त्यालाच गुरुजी बसवून घेत. त्या सतरंजीवर आपल्यालाही जागा मिळावी, एवढीच भीमराजची हौस.

बहात्तर साली बसमध्ये पन्नास पैशांच्या जागी त्याला एक काळीकुट्ट अधेली मिळाली. इंग्रजांच्या अमदानीतली, चांदीची! गडी हरखला. एवढ्या मोठ्या माणसाकडे हिला अशी कळकट कशी न्यायची, म्हणून त्याने ती चाकावर धरली.

"आरशागत केलीय, गुरुजी!" त्याने ती पुढे केली. मी सोबत होतो.

गुरुजींनी भिंग लावलं आणि सुस्कारा सोडला. "साल गेलं, राजाचं नाक गेलं. आता ही नुसती चांदी. जुन्या नाण्याचा काळेपणा घासायचा नसतो हो."

भीमराजचा चेहरा पडला. बसा असं कुणी म्हणालं नाही. परतताना त्याने अधेली खिशात टाकली, ती तिथेच राहिली. मला तर गुरुजींचा रागच आला. निदान चहा तरी विचारायचा!

पण गडी हटणारा नव्हता. सुटे उलटून बघणं चालूच. पुढच्या वर्षी भाजीवालीने त्याच्या बायकोला, शालनबाईला, सुट्ट्यांत एक काळी पावली दिली. ती बिचारी तांब्याबरोबर पावलीलाही चिंच लावायला निघाली, तोच हा ओरडला, "अगं, हात लावू नगंस!" विंचू निघाला की काय म्हणून शेजारपाजार धावला.

गुरुवारी ती पावली गुरुजींच्या तळहातावर गेली. भिंगात साल, राजाचं नाक, सगळं शाबूत दिसलं. मग स्वतःच थोडे सरकले. "बसा, भीमराज. चहा सांगतो."

भीमराज बसतो न बसतो, तोच एक नवखा माणूस लखलखीत घासलेलं नाणं घेऊन दारात उभा. गुरुजींनी कपाळाला आठ्या घातल्या. भीमराजने खिशातून आपली ती अधेली काढून त्याच्या हातावर ठेवली.

"ह्यात बघा, राव. राजाचं तोंड दिसायचं, तिथं माझं दिसतंय. पुन्यांदा घासू नका." आणि नुकत्याच मिळालेल्या जागेतून अर्धी मोकळी करत म्हणाला, "या, बसा हितं."