गोदीचा तळवा

सबनीस काकांच्या हातात कुठलीही वस्तू आली, की ती आधी उलटी होत असे. चहा संपला की कप उपडा. खुर्चीवर बसायच्या आधी खुर्ची आडवी. शेजारी म्हणून ओळख करून घ्यायला ते पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा मी पुढे केलेली चकल्यांची बशी त्यांनी डोक्याच्या वर धरून खालून नीट पाहिली आणि मग कुठे चकली उचलली. "खालून तडा गेलाय, बरं का. सध्या चालेल," म्हणाले. मला रागच आला. लग्नातल्या सेटमधली बशी होती ती. ते गेल्यावर मी ती उलटी करून पाहिली. तडा होता.

आखातातल्या रुवैसच्या रिफायनरीत काका इन्स्पेक्शनला होते. पाइपांना आणि टाक्यांना गंज कुठे धरतोय हे शोधायचं, आणि तेही तो बाहेरून दिसायच्या आत. माझा नवरा अभय मेन्टेनन्सला, म्हणजे काकांनी जे नापास करायचं ते दुरुस्त करायचं काम आमच्या घराकडे. "तुझ्या काकांनी आज पुन्हा एक लाइन बंद पाडली," असं म्हणत तो बूट काढायचा. 'पास' हा शब्द काकांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. फार खूश झाले तर 'सध्या चालेल'. काकूंच्या पुरणपोळीलाही संसारभर एवढंच सर्टिफिकेट मिळालं होतं, असं काकूच सांगायच्या, आणि वर आणखी एक पोळी त्यांच्या पानात वाढायच्या.

कोंबड्या काकूंच्या. कंपनीच्या घरांना मागच्या बाजूला भिंतीने वेढलेलं छोटं अंगण असतं. आमच्या अंगणात वाळत घातलेले कपडे होते, त्यांच्या अंगणात पाच कोंबड्या. मुलगा कॅनडात, काका दिवसभर प्लांटवर, तेव्हा काकू कोंबड्यांशी बोलत. भाजीचा भाव, सुनेची नोकरी, गुडघा, सगळं. त्यातली तांबूस, अंगाने भरलेली गोदी सगळ्यात लाडकी. काकू नाशिकच्या, म्हणून गोदी. भिंतीपलीकडून मी हे सगळं ऐकायची. मला मेलीला लहानपणापासून दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे कळल्याशिवाय चैन पडत नाही.

एका संध्याकाळी भिंतीवरून काकांची हाक आली, "मेधा, जरा ये गं. धरायला माणूस हवंय." गोदी लंगडत होती आणि काकांनी अर्थातच तिला उलटी केली होती. तळवा सुजून टुमटुमीत झालेला, आणि मधोमध काळी खपली, उडदाच्या दाण्याएवढी. काका चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे बघत होते. "हे नुसतं झाकण आहे," ते म्हणाले. "काम आत चाललंय."

अबू धाबीच्या प्राण्यांच्या डॉक्टरला त्यांनी फोटो पाठवले. डॉक्टर म्हणाला, सध्या घरीच करा, पण ब्लेडने खोदायचं नाही, माणसांची औषधं मनाने द्यायची नाहीत, आणि सूज पायावर चढायला लागली तर लगेच घेऊन या. मग रोज दिवस कलला की आमचा कार्यक्रम सुरू. टबात कोमट मिठाचं पाणी, त्यात गोदीचे पाय. खपली मऊ झाली की हलक्या हाताने पुसायचं, जखमेवर लावायचं तपकिरी औषध, वर गॉझ, वर पट्टी. माझ्याकडे गोदीची वरची बाजू. तिला टॉवेलात गुंडाळून त्याचंच टोक तिच्या डोक्यावर ओढायचं. "डोळे झाकले की तिच्या दृष्टीने रात्र झाली," काका म्हणाले, आणि खरंच ती मुकाट बसायची. तिचं हृदय मात्र माझ्या तळहाताखाली धडधडत असे.

मी धरायची, पण बघायची नाही. पू, रक्त वगैरे मला जमत नाही. मान भिंतीकडे वळवून मी नुसते प्रश्न विचारायची. एवढं दुखत असेल तर ती ओरडत का नाही?

"लपवते," काका म्हणाले. "कोंबडी लंगडी आहे हे दिसलं, की बाकीच्या टोचून टोचून तिला संपवतात. म्हणून शेवटपर्यंत ती तोऱ्यात चालणार. पाइपाचंही असंच असतं. बाहेरून रंग फर्स्ट क्लास." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू बघतच नाहीयेस."

"मी धरते ना काका. बघायचं काम तुमचं."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक घोळ घातला. प्लांटवर नादुरुस्त यंत्राला लाल टॅग लावतात, कुणी हात लावू नये म्हणून. त्याच सवयीने काकांनी गोदीच्या पायाला लालभडक पट्टी बांधली आणि तिला बाकीच्यांत सोडून ड्यूटीवर गेले. लाल दिसलं की कोंबडी चोच मारते. काकूंचा आरडाओरडा ऐकून मी धावले, तर चारही जणी गोदीला कोपऱ्यात घेऊन पट्टी सोलत होत्या आणि फरशीवर रक्त सांडलं होतं. मी माझी ओढणी फडकावत त्यांना हाकललं. संध्याकाळी काकू म्हणाल्या, "अहो, तुमची टॅग सिस्टीम त्यांना शिकवली कुणी?" काकांनी गोदीचा पाय बराच वेळ पाहिला. "चूक माझी," म्हणाले, आणि तेव्हापासून पट्टी निळी झाली आणि गोदीला लाकडाच्या भुशाचं वेगळं खोकं मिळालं.

जखम भरत आली, गोदी पुन्हा बाकीच्यांत गेली, आणि तिच्या दुसऱ्या पायाला सूज दिसायला लागली. काकू रडकुंडीला आल्या. काका मात्र एकदम टवटवीत झाले. "म्हणजे रूट कॉज पायात नाही. पायाखाली आहे." शनिवारी सुट्टी होती. ते अंगणात स्टूल टाकून बसले आणि दिवसभर कोंबड्यांकडे बघत राहिले. मी भिंतीवरून त्यांच्याकडे बघत राहिले. माझी लेक इरा येऊन म्हणाली, "मम्मा, धिस इज सो वियर्ड," आणि तीही बघत उभी राहिली.

संध्याकाळच्या सुमारास काका ओरडले, "सापडलं! मीच!" लॉटरी लागावी तसा चेहरा. कोंबड्यांना बसायला त्यांनी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातून खास गुळगुळीत पाइप आणून, वेल्डिंग करून, खांद्याएवढ्या उंचीवर मोठ्या अभिमानाने बसवला होता. चोरबाजारातला माल नव्हे, एक नंबर काम. त्या उंचावरून कोंबड्या धपकन फरशीवर उड्या मारत, आणि गोदी सगळ्यात वजनदार. रोजच्या त्या दणक्याने तळव्याला बारीक इजा व्हायची आणि घाण आत शिरायची. त्याच आठवड्यात पाइप निघाला. त्या जागी गुडघ्याखाली येईल अशी रुंद लाकडी फळी आली आणि फरशीवर जाड वाळू. भेटेल त्याला काका स्वतःच सांगत, "आमच्या कोंबडीला मी आजारी पाडली होती." एवढ्या आनंदाने आपली चूक सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग त्यांची निवृत्ती आली. व्हिसा संपणार, घर कंपनीला परत, दोघं कायमची नाशिकला. कोंबड्या नेता येणार नव्हत्या. काकांच्या डिपार्टमेंटमधल्या राशिदची गयाथी गावाच्या बाजूला शेती होती, तिथे भरपूर कोंबड्या होत्या, आणि पाचही जणींना ठेवून घ्यायला तो आनंदाने तयार होता. अडचण एकच. एवढ्या मोठ्या कळपात लंगडी गोदी टिकली नसती. जायच्या दिवसाआधी ती धड चालली पाहिजे, एवढाच काकूंचा ध्यास. सामान बांधायचं सोडून त्या तिच्या खोक्यापाशी बसत. "चाल गं बाई, माझ्यासाठी तरी चाल," असं मी भिंतीपलीकडून ऐकलं.

जायच्या दिवशी दुपारी राशिद पिकअप घेऊन आला. चार कोंबड्या क्रेटमध्ये गेल्या. गोदी अंगणात चालून दाखवत होती, बऱ्यापैकी ऐटीत. "बघा, चालतेय!" काकू म्हणाल्या. "आज एकदा तरी पास म्हणा हो. तिला एकटीला कुठे टाकू?"

काकांनी गोदीला उचललं, उलटी केली, चष्मा कपाळावर चढवला. "नाही," म्हणाले. "आत अजून गाठ लागतेय."

"सर, खलास, छोड़िए, मैं ले जाता हूँ," राशिद म्हणाला. "अच्छी हो जाएगी, इन्शाल्ला."

"तुम तो संभालोगे, हबीबी. बाकी मुर्गियां नहीं छोड़ेंगी." मग काकूंकडे न बघताच ते हळू आवाजात म्हणाले, "पास म्हटलं ना, की माणूस बघायचं सोडतो."

काकू आत निघून गेल्या. काका गोदीला छातीशी धरून उभे राहिले. विमान रात्रीचं होतं. मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणून गेले, "माझ्याकडे राहू दे तिला." अभयने माझ्याकडे डोळे फाडून पाहिलं. काकांनी गोदीला माझ्या मांडीवर उलटी ठेवली, पाय माझ्या बाजूला, आणि स्वतः टॉवेल घेऊन तिच्या डोक्याकडे बसले. "मी धरतो," ते म्हणाले. "तू बघ."

मी बघितलं. गुलाबी कातडी, मधे फिकट खळगा, कडेला बोटाला लागणारी बारीक गाठ. घाण काहीच वाटली नाही. एवढे दिवस मी भिंतीकडे का बघत होते, तेच मला कळेना.

त्यानंतर दर शनिवारी नाशिकहून व्हिडिओ कॉल. कशी आहेस, इरा काय करते, हे सगळं नंतर. काका आधी म्हणणार, "पाय दाखव." मी गोदीला उलटी करून फोन तळव्याजवळ न्यायची. गाठ विरली, सूज गेली, तळवा लोण्यासारखा झाला. ती आमच्या अंगणात सगळीकडे धावायची. तरी काका बराच वेळ बघून म्हणायचे, "सध्या चालेल." मागून काकूंचा वैतागलेला आवाज यायचा, "अहो, आता तरी पास म्हणा!"

थंडीत काका गेले. झोपेतच. कळल्यावर मी एकदा फोन केला, पण काकू बोलण्याच्या स्थितीत नव्हत्या. पुढचे काही शनिवार कुणाचाच कॉल आला नाही. मी मात्र सवयीने गोदीला घेऊन बसायची, पाय बघायची आणि सोडून द्यायची.

मग एका शनिवारी फोन वाजला. पडद्यावर एकट्या काकू. कपाळ मोकळं, केस कसेबसे बांधलेले. मी उठले, अंगणातून गोदीला आणलं, मांडीवर उलटी केली आणि फोन तिच्या तळव्यापाशी धरला. जखम कुठे होती हे आता शोधूनही सापडलं नसतं.

काकूंनी चष्मा कपाळावर चढवला. खूप वेळ बघत राहिल्या.

"सध्या चालेल," म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी परत दाखव."