मधेच थांबवलं तर

मला तो परिच्छेद कळला नव्हता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. लोकांना ठाऊक आहे ते एवढंच, की आमच्या कंपनीच्या एका माहितीपानावर चार ओळी कमी होत्या आणि त्यापायी निपाणीच्या एका फोटो स्टुडिओचं सगळं काम पुसलं गेलं. त्या ओळी आक्कांनी लिहिल्या होत्या. काढायला लावल्या मी.

आक्का म्हणजे आमच्या ऑफिसात माहितीची पानं लिहिणाऱ्या बाई. माहेर निपाणीचं, सासर बेळगावजवळच्या कंग्राळीचं. बेळगावात कॅम्पाच्या अंगाला आमचं ऑफिस. दुकानं, शाळा, पतसंस्था यांचे कॉम्प्युटर आम्ही आमच्या मोठ्या मशीनच्या पोटात चालवतो. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ती कशी सुरू करायची, कशी हलवायची, याची इंग्रजी पानं लिहिणं हे आक्कांचं काम. त्या माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, पण हुद्द्याने मी वरचा. म्हणून त्या मला सर म्हणायच्या आणि मी त्यांना आक्का.

इंजिनिअर येऊन काही समजावू लागला की त्या चष्मा काढून पदराने पुसत. पूर्ण ऐकून घेत. चष्मा परत डोळ्यांवर चढला की प्रश्न ठरलेला, “व्हय, आणि मधेच थांबवलं तर?”

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला त्यांनी हेच विचारलं. चहावाल्याला विचारलं, “उकळी यायच्या आदी गॅस संपला तर तू त्याला चहा म्हणतोस, का पाणी?” एका सहकाऱ्याच्या लग्नात माइक बंद पडून मंगलाष्टकं थांबली, तेव्हा अक्षता मुठीत धरून त्या माझ्या कानाशी आल्या. “सर, आत्ता लगीन लागलंय म्हणायचं, का न्हाय?” मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

मशीनची डिस्क जुनी झाली, की मशीन बंद न करता तिच्यावरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवत न्यायचं, या कामाला मिररिंग म्हणतात. त्याचं पान आक्कांकडे आलं. त्यांनी ते कंग्राळीच्या भाषेत करून टाकलं. “ह्ये म्हंजे चूल पेटलेली ठिवून घर बदलायचं. जुन्या घरातलं भांडं हलवायचं न्हाय, पर तसंच भांडं नव्या घरात दिसाय पायजे. वर हितं भाकरी थापली की तिथंबी थापली पायजे.”

मग अर्थातच तो प्रश्न. मधेच रद्द केलं तर? इंजिनिअर लोकांच्या मागे लागून, परत परत करून पाहायला लावून त्यांनी उत्तर काढलं आणि चार ओळी लिहिल्या. पहिली पूर्ण फेरी होण्याआधी रद्द केलं, तर नवी डिस्क अर्धवट राहते. ती वापरू नये. दोन्ही डिस्क बरोबरीला आल्यावर रद्द केलं, तर नवी डिस्क ही त्या क्षणापर्यंतची पूर्ण प्रत असते. दोन्ही वेळी मशीन जुन्याच डिस्कवर चालत राहतं. नव्या डिस्कची खात्री होईपर्यंत जुनी पुसू नये.

आज मी हे झोपेतही सांगेन. त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरलं नाही. बटण एकच, मग फळं दोन कशी? समोर आक्का चष्मा पुसत उभ्या. ‘मला कळलं नाही, बसा, सांगा’ एवढं म्हटलं असतं तर काय बिघडणार होतं? पण त्या खुर्चीत बसून मला ते म्हणवेना.

आमच्याकडे निम्मे निर्णय खालच्या चहाच्या गाड्यावर होतात. ईमेल नाही, कागद नाही. तिथेच मी म्हणालो, “आक्का, त्या चार ओळी काढा. वाचून गिऱ्हाईक घाबरतं. ‘रद्द केल्यावर नवी प्रत वापरता येते’ एवढंच ठेवा.”

“पर सर, ते बरोबरी झाल्यावर.”

“तेवढं लोकांना कळतं की.”

त्यांनी कप कट्ट्यावर ठेवला. “तुमास्नी पटलंय न्हवं?”

“पटलंय.”

“मग काढतो,” त्या म्हणाल्या. आमच्या भागातल्या बायका अशाच बोलतात, काढतो, येतो, जातो. जागेवर जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने ओळी काढल्या.

निपाणीचा तो स्टुडिओ आक्कांच्या माहेरच्या गल्लीत, तंबाखूच्या वखारीच्या वरच्या मजल्यावर. मालकांना सगळी गल्ली मामा म्हणते. आक्कांच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढलेले. त्यांनी आपले सगळे फोटो आमच्याकडे ठेवले ते आक्कांच्या शब्दावर. “ठेवा वो मामा, काय होत न्हाय.” त्या वर्षी आक्कांच्या मुलीचं लग्न झालं, त्याचेही फोटो मामांनीच काढले. अल्बम अजून व्हायचा होता. फोटो निवडायला आक्कांना सवड मिळत नव्हती.

लग्नसराई संपता संपता मामांच्या डिस्कने कुरकुर सुरू केली. मिररिंग लावलं. त्याने स्टुडिओचं मशीन मंद झालं, मामांचा फोन आला, आमच्या इंजिनिअरने पहिली फेरी पुरी व्हायच्या आतच काम रद्द केलं. पडद्यावर लाल अक्षरात धोक्याचं काही आलं नाही. त्याने पान उघडलं. पानावर लिहिलं होतं, रद्द केल्यावर नवी प्रत वापरता येते. त्याने स्टुडिओ नव्या डिस्कवर चढवला, तो वर वर सुरूही झाला, आणि जुनी डिस्क पुसून दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिली. बॅकअप नव्हता का, असं तुम्ही विचाराल. नव्हता. जुनी डिस्क आणि ही नवी, एवढंच होतं.

मामांनी एक लग्न उघडलं. हळद होती. पुढचं काही उघडेना.

बैठकीत आमच्या साहेबांनी पान भिंतीवरच्या पडद्यावर लावलं आणि कानडीत विचारलं, शेवटचा बदल कुणाचा?

“माझा,” आक्का म्हणाल्या.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. इंजिनिअरचं बोलणं संपायची जशी वाट बघत, तशीच त्या माझी वाट बघत होत्या. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं.

“का काढलं?” साहेब.

आक्कांनी चष्मा डोळ्यांवर नीट बसवला. आपण काही सांगितलं आणि मी नाही म्हणालो, तर माझी किती शोभा होईल, हेही त्यांनी मनात धरलं असेल. तसा त्यांचा स्वभाव होता. “चुकलं,” त्या म्हणाल्या.

त्यांच्याकडून लिहिण्याचं काम काढून घेतलं. पावत्या तपासायला बसवलं. थोड्याच दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. जायच्या आधी निपाणीला जाऊन आल्याचं त्यांनी मला जिन्यात सांगितलं. “मामा रागावलं न्हाईत वो. लेन्स पुसत ऱ्हायले. पर ‘बस’ म्हटलं न्हाय, सर. लहानपणापास्नं त्या दुकानात मला ‘बस’ म्हटलं न्हाय असं कधी झालं न्हवतं.”

गल्लीत बोललं जाई ते त्यांच्या भावाच्या कानावर यायचं. हिच्या शब्दावर ठेवले, हिनंच घालवले. कुणाच्या आईचा शेवटचा फोटो त्यात होता, कुणाच्या बारशाचा. आक्कांनी माहेरी जाणं कमी केलं.

त्या चार ओळी मी पानावर परत घातल्या. तोवर मला त्या कळल्या होत्या. बंगळूरच्या मुख्य ऑफिसातून शाबासकी आली, खुलासा फार स्पष्ट आहे म्हणून. पानाखाली माझं नाव आलं, ते मी राहू दिलं.

पुढे आक्कांना पोटाचं दुखणं लागलं. हिय्या करून एकदा कंग्राळीला गेलो. अंगणात खाटेवर बसल्या होत्या. मनगटं काटकुळी झालेली. त्यांच्या यजमानांनी चहा ठेवला. आक्कांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, मांडीवर ठेवून दिला.

“त्या ओळी परत घातल्या काय?”

“घातल्या.”

“माझं शब्द बदललं न्हाय न्हवं?”

“नाही. तसेच आहेत.”

“मग झालं. आता कुणाचं जायाचं न्हाय.” खाली नाव कुणाचं, ते त्यांनी विचारलं नाही. मी निघालो तेव्हा अंगणाच्या टोकापर्यंत आल्या. “सर, एक विचारू? मामास्नी कुणी सांगितलंय काय? त्या ओळी मी लिवल्या होत्या म्हणून?”

“मी सांगतो,” मी म्हणालो.

“सांगा बघा. घाई न्हाय. पर सांगा.”

त्यांच्या जाण्याची बातमी आली तेव्हा मी लोंढ्याला एका गिऱ्हाइकाकडे होतो. माती चुकली, अंत्यविधीला पोचलो नाही. बाराव्याच्या दिवसाला मात्र गेलो. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. चेहरा ओळखीचा, पण कडा फुटलेल्या, रंग उडालेला, मागे पांढरा पडदा. नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं. आमच्या ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा केलेला. एका कोपऱ्यात कंपनीच्या चिन्हाची निळी रेघ राहिली होती.

यजमान माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. “दुसरा चांगला मिळाला न्हाय. पोरीच्या लग्नात निळ्या लुगड्यात लई चांगला आलता म्हणं. मामांनी दाखवलाता तिला. पर ते...” पुढे ते बोलले नाहीत. मला बसायला खुर्ची दिली.

हे इथे लिहिलं, म्हणजे सांगून झालं असं मला वाटत नाही. मामा हे वाचणार नाहीत. त्यांची नजर आता कमी झाली आहे, दुकान पुतण्या बघतो असं कळलं. बेळगावहून कोल्हापूरला जाताना एस.टी. निपाणी स्टँडवर थांबते. दर वेळी मी खिडकीतून बाहेर बघतो, आणि गाडी सुटेपर्यंत बसून राहतो.

त्या वखारीचा जिना चढून, मामांसमोर उभं राहून, ‘तिनं बरोबर लिहिलं होतं, मी काढायला लावलं’ एवढं सांगण्याचं देणं मी लागतो. आक्कांना तसा शब्द दिला आहे. अजून सांगितलेलं नाही.