खून कधी होणार?

शिवणकारखान्यातल्या बटणांच्या खोलीत सगळं हातकाम, यंत्रांचा खडखडाट नाही. म्हणून एकीनं मोठ्यानं पुस्तक वाचायचं आणि तिच्या वाट्याचे शर्ट बाकीच्यांनी उरकायचे, असा शिरस्ता होता. वाचणारीला सगळ्या मास्तरीणबाई म्हणत. शाळा सातवीत सुटलेली, पण तोरा प्राध्यापकाचा! रहस्यकथा तिच्या लेखी निव्वळ कचरा.

बायकांना मात्र खूनच हवा. खोलीतली सगळ्यांत जुनी, काजवाली आजी, एकदा फणकारली, "उद्या खुनाचं पुस्तक आण, नाहीतर मुकाट्यानं बटणं लाव. वाचायला दुसरी बघू."

मास्तरीणबाईचा पारा चढला. पण वाचन सुटलं असतं तर तिला करमलंच नसतं. तिनं आपली लाडकी, जाडजूड कौटुंबिक कादंबरी उघडली आणि बिनदिक्कत ठोकून दिलं, "ह्यात खून आहे."

झालं! बायकांनी कान टवकारले. "नवरा जेवताना एवढा गप्प का गं? बायकोला विष घालणार मेला!" एरवी ज्या पानांवर जांभया आल्या असत्या, ती त्यांनी पार पिंजून काढली.

पुस्तक संपलं. खून झालाच नाही. मास्तरीणबाईनं खाली मान घालून सुई ओवायला घेतली.

"ठेव ती सुई," आजी म्हणाली. "फसवलंस खरं. पण त्या बाईनं शेवटी घर सोडलं, झकास केलं! आता पोलिसांचं आण. खरंखुरं."

मास्तरीणबाईनं नाक मुरडत आणलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बघतात तर डबा बंद आणि ही पुस्तकात गडप!

"अगं चोरटे," आजी ओरडली, "एकटीच पुढे गेलीस?"