गुत्त्याच्या पायरीवर कानबाई

आमच्या सासरी कुणी पीत नसे. म्हणजे घरात पीत नसे. बाजाराच्या दिवशी पुरुषमंडळी वेलदोडे चघळत परतायची आणि ताटावर बसून देशाच्या कारभारावर फार मोठ्यानं बोलायची. मी जळगावची, चौथी शिकलेली, त्यामुळे हा वेलदोड्यांचा शौक मला सुरुवातीला खानदानी वाटला होता. सहा महिन्यांनी उलगडा झाला. हुशार सुनेला एवढा वेळ लागायचाच.

दोंडाईच्याहून बैलगाडीच्या वाटेवर आमचं गाव. काळ महायुद्धाच्या जरा आधीचा. नदीकडे जाणाऱ्या सरळ रस्त्यावर सरकारी परवान्याचा दारूचा गुत्ता होता. ओट्यावर दिवसभर माणसं बसलेली असत आणि डोक्यावर घागर घेऊन जाणाऱ्या बाईकडे बघून त्यांना काव्य सुचे. म्हणून आम्ही बायका सरळ रस्ता सोडून बाभूळबनातून, काटे तुडवत, नाल्याच्या दगडांवरून पाणी आणायचो. पावसाळ्यात त्या दगडांवर शेवाळ धरायचं. माझी थोरली जाऊ पोटुशी असताना तिथंच घसरून पडली. मूल वाचलं, पण त्या दिवसापासून माझ्या सासूबाईंनी एकच धोसरा धरला: गुत्ता तिथून हलला पाहिजे.

सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणे, मीही अक्काच म्हणायची. अक्कांनी दहा-बारा बायका जमवल्या आणि आबकारीचा साहेब तपासणीला आला तेव्हा त्याला गाठलं. साहेब भला माणूस होता, पण नियमाबाहेर पाऊल टाकणारा नव्हता.

"देऊळ, शाळा किंवा स्नानाचा घाट जवळ असेल तर दुकान हलवता येतं," तो म्हणाला. "इथं देऊळ कुठं आहे?"

"नदी शे ना. बठ्ठा गाव तठे आंघोय करस," अक्का म्हणाल्या.

"घाट म्हणजे बांधलेला. ही नुसती वाळू आहे. हां, ठेकेदारानं स्वतः अर्ज केला तर गोष्ट वेगळी."

ठेकेदार कशाला अर्ज करील? ओट्यावरची मंडळी हसली. त्यात वेलदोड्याचा वास ओळखीचा होता.

श्रावण आला. खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून देवी सजवायची, रात्रभर जागवायची आणि सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर बोळवायची. देवी काही काट्यांतून जात नाही, ती सरळ रस्त्यानंच जाते. आमच्या घराण्यात आणखी एक रीत आहे. एकदा उचललेली कानबाई नदीशिवाय कुठं टेकवायची नाही. टेकवलीच, तर तिथं तिचं ठाण झालं. मग घरची वडील बाई मनापासून आरती करून "चाल माय" म्हणेपर्यंत तिला कुणी हलवायचं नाही.

त्या वर्षी देवी न्यायचा मान माझा होता. पाट, तांब्याचा कलश, धान्य, नारळ, वर सासरचं निम्मं सोनं. जळगावच्या मानेनं यापूर्वी वेणीखेरीज काही वाहिलं नव्हतं. पुढच्या बायका फुगड्या घालत थांबत थांबत चाललेल्या, त्यामुळे मिरवणूक संपेचना. बरोबर गुत्त्यासमोर माझ्या मानेत अशी कळ आली की मी गपकन खाली बसले आणि पाट समोरच्या पायरीवर ठेवला.

डफ थांबला.

"हाई काय करं तू?" अक्का म्हणाल्या.

"अक्का, मान..."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मग पायरीकडे, मग गुत्त्याच्या दाराकडे. एवढ्या हळू हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या तिथंच पदर सावरून बसल्या. "बसा वं बायासहोन," त्या म्हणाल्या. "कानबाई आठे बशी गयी."

सोमवार बाजाराचा दिवस. गिऱ्हाइकं येऊ लागली. येत, देवी बघत, वहाणा काढून हात जोडत आणि मुकाट मागं सरत. ज्यांनी आधीच थोडी घेतली होती ते दुसऱ्याच्या पाठीआड उभे राहून नमस्कार करत होते. आमच्या घरचेही एक त्यात होते. नाव घ्यायची पद्धत नाही म्हणून बरं.

तेवढ्यात साहेब तपासणीला आला. "दुकान बंद का? परवान्याच्या वेळेत उघडं पाहिजे."

ठेकेदाराच्या कपाळावर घरच्या कानबाईचं कुंकू होतं. तो म्हणाला, "उघडंच आहे साहेब. पण आत जायचं तर देवी ओलांडावी लागेल. तुम्ही पुढं व्हा, मी मागून येतो."

साहेबानं पायरीकडे पाहिलं आणि बूट काढले.

"देऊळ कोठे शे, इचारं व्हतं ना साहेब?" अक्का म्हणाल्या. "देखा."

"बाई, ही देवी संध्याकाळी नदीत जाणार."

"ते मना हातमा शे. वरीसभर ऱ्हायनी तरी मनी काही घाई नही."

दुपारपर्यंत गाणी चालली. शेजारच्या दोन घराण्यांच्या कानबाया आल्या. अक्कांनी त्यांनाही आग्रहानं बसवून घेतलं. तीन देव्या दारात बघून ठेकेदारानं साहेबाकडे कागद मागितला. नाल्यापलीकडे जागा मिळावी असा अर्ज त्यानं साहेबाच्याच सामानाच्या पेटीवर बसून लिहिला. साहेबानं तो घेतला, घडी करून खिशात घातला. मगच अक्का उठल्या, आरती केली आणि म्हणाल्या, "चाल माय." पाट मात्र या वेळी त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतला. माझ्यावर आता त्यांचा भरवसा नव्हता.

हुकूम यायला दिवाळी उलटली. पुढं नातेवाइकांत ही गोष्ट फुगत गेली. कुणी म्हणे सुनेच्या अंगात आलं, कुणी म्हणे जळगावात शिकलेली, डोकं चालवलं. डोकं नाही हो, मान. पण ऐकतं कोण?

गुत्त्याला कुलूप लागलं त्या सकाळी अख्ख्या गावच्या बायका पाण्याला निघाल्या, गरज नसलेल्यासुद्धा. माझी घागर भरलेली होती, ती मी अंगणात ओतली. पोटाशी लेक बांधून जाऊही आली. आम्ही सरळ रस्त्याच्या अगदी मधून, मुद्दाम हळू, मोठमोठ्यानं बोलत गेलो. एक बैलगाडी समोरून आली, तीच बाजूला झाली.