बेटावरचा घास

अण्णाआजोबा गेल्याची तार तुम्हांला आफ्रिकेत पोचली. पण दहाव्या दिवशी गोदाकाठी जे झाले ते तारेत मावणारे नव्हते. पिंडाला कावळा शिवेना. तुमच्या आजोबांनी हात जोडून धाकट्या भावाला सारी वचने दिली... तुझ्या बायकोला अंतर देणार नाही, तुझ्या मुलीचे लग्न नीट करून देऊ. कावळे समोरच्या झाडावर बसूनच राहिले. अखेर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावावा लागला.

घरी हे ऐकताच माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, भिंतीकडे तोंड करून बसल्या. का, ते सांगते.

माझ्या या धाकट्या दिरांना, अण्णांना, पक्ष्यांचे वेड. काही वर्षांपूर्वी वैशाखात त्यांनी सगळ्या घराला मोटारीने निफाडपलीकडे नेले आणि नावेतून गोदेतल्या एका वाळूच्या बेटावर उतरवले. पिवळ्या चोचीचे सुरय पक्षी तिथे उघड्या वाळूतच अंडी घालतात. अण्णांनी आम्हांला लांब बसवून एकेकाच्या डोळ्यांना दुर्बीण लावून दिली. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मग शिदोरी सुटली, आणि सासूबाईंनी नेमाप्रमाणे कावळ्याचा घास काढला.

"आई, आज राहू दे. इथं कावळे नकोत."

"म्हणजे तुझे वडील उपाशी राहू देत, आणि तू पाखरं बघ!"

सासूबाईंनी दहीभात वाळूवर ठेवून "काव, काव" असे पुकारले. पलीकडच्या काठावरून कावळे आले, त्यांनी भात संपवला आणि ते अंड्यांकडे वळले. सुरय किंचाळत त्यांच्यावर झेपावत होते, अण्णा उपरणे फिरवीत धावत होते. "अण्णा, आता तूच बस उबवायला!" तुमचे आजोबा ओरडले. आम्ही सगळे हसलो. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या फुटक्या कवचांकडे बघत होत्या.

परतताना नावेत अण्णा खालमानेने एवढेच म्हणाले, "चूक माझी. मीच आणलं तुम्हांला." पुढे त्यांनी घरात पाखरांचे नाव काढले नाही. मायलेक रोज एका स्वयंपाकघरात जेवत, पण तो विषय कुणीच उकरला नाही.

दहाव्याच्या संध्याकाळी सासूबाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "मला घाटावर न्यायचं होतं रे. चुकलं माझं, एवढंच सांगायचं होतं त्याला. पोटच्या पोराला सांगायची लाज वाटली... आज सांगू, उद्या सांगू..."

तुमच्या आजोबांनी मान वर केली नाही.

सासूबाई अजून रोज घास काढतात. परसातल्या दगडावर ठेवतात, आणि न पुकारता आत येतात.