दसऱ्याच्या दिवशी कांचनाखाली

बिराजदार सरांची आणि माझी पहिली भेट मुरुमच्या आमच्या महाविद्यालयात, ऐन दसऱ्याच्या सकाळी झाली. मी वनस्पतिशास्त्र विभागात नुकताच रुजू झालो होतो. सुट्टीच्या दिवशी सरांनी मला बोलावून घेतले आणि आवारातल्या कांचनाखाली पहाऱ्याला बसवले. तेव्हापासून माझा एकही दसरा धड गेलेला नाही. सर पंचाहत्तर वर्षांचे झाले, तेव्हा त्यांच्याविषयी चार गोड शब्द लिहा, असे गौरव अंकाच्या संपादकांनी कळवले आहे. प्रयत्न करतो.

भानगड अशी. आपटा आणि कांचन एकाच कुळातले, एकाच प्रजातीतले. जाती मात्र वेगळ्या. दोघांचीही पाने दुभंगलेली, म्हणून लोक सोने समजून कांचन ओरबाडतात. आपट्याचे पान लहान, जाड; कांचनाचे मोठे. फुले पाहिली तर शंकाच उरत नाही. आपट्याची बारीक, पिवळसर. कांचनाची मोठी, जांभळट गुलाबी. पण आमचा कांचन फुलायचा दसऱ्यानंतर, आणि कळ्या धरतो न धरतो तोच बोडका व्हायचा. ते झाड एकदा तरी फुललेले गावाने पाहावे, एवढाच सरांचा ध्यास.

बरे, पाटी लावू म्हटले तर सर म्हणत, लोक पाटी वाचतील, झाड बघणार नाहीत. कुंपणालाही नकार. येईल त्याला खुर्ची देऊन पानांच्या शिरा दाखवायच्या. एकदा शिवलिंगप्पा नावाचे शेतकरी सगळे शांतपणे ऐकून म्हणाले, "पटलं सर. पण आपटा ऱ्हायलाय कुठं आता? सोनं म्हणून काय देऊ?"

मग सरांनी आपट्याची रोपे वाढवून घरोघर दिली. ती माझ्याच दुचाकीवरून गेली, हे सांगायला नको. माझी पत्नी दवाखान्यात होती तेव्हा सरांच्या घरून रोज डबा यायचा. डब्यासोबत पोचवायची रोपेही यायची.

यंदा सरांचे गुडघे धरले होते. मी एकटाच बसलो. घरोघरी आता आपटे होते; झाड वाचले आणि पुढे फुलले. हरखून मी एक फूल त्यांच्या घरी नेले, तर सर भडकले. "तोडलंत? तुम्हीसुद्धा?"

शेवटी त्यांना रिक्षातून आणले. झाडाखाली शिवलिंगप्पा नातीला घेऊन उभे होते. "ह्यो आपटा न्हाय बाळा, कांचन हाय," ते तिला सांगत होते. माझा खांदा धरून सर ऐकत राहिले.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आधी गुडघे बरे होवोत. यंदा एकट्याने बसताना मला फार चुकल्याचुकल्यासारखे झाले. पुढच्या दसऱ्याला सरांनी वेळेवर यावे.