प्रेसपलीकडचं गाणं

खालापूरजवळच्या गावातली शकू खोपोलीच्या डब्यांच्या कारखान्यात लागली, तेव्हा तिला पत्र्याच्या प्रेसवर उभं केलं. समोरच्या प्रेसवर शिळफाट्याची नूरबानो होती. मशीन सुरू झालं की शेजारी कुणी बोंबललं तरी ऐकू यायचं नाही, त्यात कानात फोमचे बोळे. मग दोघी हातांनी बोलू लागल्या. गाल फुगवले की साहेब आला. मनगट फिरवलं की चहा. शकूच्या सासूची कटकट, नूरबानोच्या नवऱ्याचं दुखणं, सगळं हातांनीच एकमेकींना कळलं.

आणि नूरबानो गायची. काम लयीत आलं की तिचे ओठ हलायला लागायचे, मान डोलायची. शकू बघत राहायची. जेवणाच्या सुट्टीत तिनं कितीदा गळ घातली, पण नूरबानो ओढणी तोंडावर घेऊन नुसती हसायची. चारचौघांत गायला तिला लाज वाटे. शेवटी शकूनं मनातल्या मनात तिला एक बारीक, गोड गळा देऊन टाकला.

नवरा गेल्यावर नूरबानोचा मुलगा अब्रार आईला म्हसळ्याला घेऊन गेला. तिथं त्यानं पिठाची गिरणी घातली होती. तिच्या जागी आलेली बाई चांगली होती, पण मान वर करायची नाही. शकूचे हात मध्येच उठायचे आणि तसेच खाली यायचे.

त्यानंतर कारखान्यात माइकवाले वायरलेस इयरमफ आले. सुपरवायझर हर्षलानं ते प्रत्येकीच्या कानांवर नीट बसवून दिले. प्रेसचा दणका एकदम लांब गेला, आणि समोरची बाई जणू कानाशी येऊन बोलली, "शकूताई, पत्रा सरकवा." बाया हरखल्या. शकूला मात्र नूरबानो आठवली. हे थोडं आधी आलं असतं, तर नूरबानो आपल्याच नादात गात असताना सगळं गाणं ऐकता आलं असतं.

दुपारच्या सुट्टीत तिनं नूरबानोला फोन करून हे सांगितलं आणि म्हणाली, "आता तरी म्हण गं. कोण नाय इथं."

नूरबानो म्हणाली, "मशीन नसलं तर मला गाणं येत नाय, शकू. म्हणून बघितलं मी. घरात इतकं शांत असतं, माझाच आवाज मला परका वाटतो."



काही दिवसांनी सुट्टीतच नूरबानोचा फोन आला. ती गिरणीत होती, अब्रार जेवायला गेला होता. "थांब," एवढंच म्हणून तिनं गिरणी चालू केली. शकूनं घाईघाईनं इयरमफ फोनला जोडले, आवाज वाढवला. पट्ट्याच्या घरघरीखालून एक गळा वर आला. जाडा, थोडा घोगरा. शकूनं मनात धरला होता त्याच्या अगदी उलटा. सूर लग्नातल्या गाण्यासारखा होता, मध्येच उंच चढायचा आणि घरघरीत बुडायचा. शकू डबा उघडा टाकून बसून राहिली.

गिरणी थांबली. नूरबानोनं विचारलं, "ऐकलंस?"

"ऐकलं. शब्द नाय कळले."

"मग ये इकडं. माझ्यापाशी उभी राहा."

शकूनं रजा मागितली. दिवाळीच्या मालाची घाई होती, हर्षला म्हणाली नंतर बघू. रजा अजून मिळालेली नाही. फोन कधी येतो, कधी येत नाही. सुट्टी झाली की बाकीच्या बाया इयरमफ काढून गप्पांना बसतात. शकू ते कानावर तसेच ठेवून, फोन मांडीवर घेऊन, भिंतीच्या सावलीत जेवते.